उतरणीची नोंद



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते शनिवारी रात्री कसारा लोकलनं मुलांना घेऊन निघत आणि रविवारी गड उतरताना सगळ्यांच्या मागे चालत. इथे बसलेल्या अनेकांनी ते पाहिलेलं आहे. म्हणून संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा गिर्यारोहणातल्या दुर्घटनांवरची पुस्तकं आणि चित्रपट यांविषयी बोलतो असं मी सांगितलं. स्मृतिव्याख्यानाला हा विषय जरा कठोर वाटेल. पण मला एक मागणी मांडायची आहे आणि ती ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या श्रोत्यांपुढेच मांडायला हवी. दर आठवड्याला सॅक पाठीला लावून डोंगराकडे जाणारी इतकी माणसं महाराष्ट्रात फार थोड्या शहरांत असतील.

२२ मे २०१९ या दिवसाचं एक छायाचित्र तुम्ही सर्वांनी पाहिलं असेल. नेपाळी गिर्यारोहक निर्मल पुर्जा यांनी ते टिपलं. एव्हरेस्टच्या शेवटच्या धारेवर एकाच दोराला धरून माणसांची रांग उभी आहे, पुढचा हलल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही. त्याच दिवशी, शिखर गाठून खाली येताना, आपल्या ठाण्याच्या अंजली कुलकर्णी यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती शरद कुलकर्णी त्यांच्याबरोबर मोहिमेवर होते. पाठोपाठ मूळचा अकलूजचा, पुण्यात राहणारा निहाल बागवान गेला. वय अवघं २७. तोही शिखरावरून परतत होता. त्या मोसमात एव्हरेस्टवर ११ माणसं गेली. नेपाळनं ३८१ परवाने दिले होते आणि चांगल्या हवेचे दिवस मोजकेच मिळाले, त्यामुळे बहुतेकांनी वर जायला तेच दिवस निवडले. आठ हजार मीटरच्या वर रांगेत उभं राहणं म्हणजे सिलिंडरमधला प्राणवायू जागच्या जागी संपवणं. चढताना दोन तास गेले, तर ते दोन तास उतरताना कमी पडतात.

ठाण्यात त्या आठवड्यात हळहळ झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग पाऊस सुरू झाला आणि शाळा उघडल्या. एव्हरेस्टवर त्या दिवसांत कुणी कुठे किती वेळ अडकलं, कोणते निर्णय खालच्या कॅम्पवरच झाले होते, कोणते वर गेल्यावर झाले, हे सलग सांगणारं मराठी पुस्तक माझ्या हाती आलेलं नाही. मला ते हवं आहे. उत्सुकतेपोटी नव्हे. ठाण्या-डोंबिवलीतून पुढचा कुणी तिकडे निघेल, तेव्हा त्याच्या उशाशी ते असायला हवं, म्हणून.

असं पुस्तक कसं असतं, ते आता सांगतो. १० मे १९९६ च्या एव्हरेस्टवरच्या वादळाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना २०१५ च्या 'एव्हरेस्ट' या चित्रपटामुळे माहीत आहे. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर या दोन अनुभवी माणसांच्या तुकड्या पैसे भरून आलेल्या लोकांना शिखरावर नेत होत्या. अशा चढाईत परत फिरण्याची वेळ ठरलेली असते. शिखर शंभर पावलांवर असलं तरी ती वेळ झाली की मागे वळायचं. त्या दिवशी दुपारी दोनची वेळ बहुतेकांच्या मनात होती. दोन वाजून गेले तरी माणसं वर जातच होती. डग हॅन्सन नावाचा पोस्टात काम करणारा माणूस चारनंतर शिखरावर पोचला. आदल्या वर्षी त्याला शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. यंदा हॉलला त्याला पुन्हा परत फिरवणं जमलं नाही. तो त्याच्यासाठी थांबला. संध्याकाळी वादळ आलं आणि दोघंही खाली आले नाहीत.

हॉलच्या तुकडीत जॉन क्राकौर हा पत्रकार होता. त्यानं आधी मासिकासाठी लेख लिहिला आणि १९९७ मध्ये 'इनटू थिन एअर' हे पुस्तक. ते पुस्तक मला मोठं वाटतं, त्याचं कारण वादळाचं वर्णन नाही. क्राकौरनं मासिकातल्या लेखात लिहिलं होतं, की अँडी हॅरिस हा मार्गदर्शक तंबूंच्या अगदी जवळ पोचला होता, तिथे आपण त्याच्याशी बोललो. पुढे एकेकाला भेटून ताळा करताना त्याच्या लक्षात आलं, की त्या बर्फाच्या माऱ्यात आपण ज्याच्याशी बोललो तो हॅरिस नव्हताच, दुसऱ्या तुकडीतला मार्टिन अ‍ॅडम्स होता. हॅरिस तर वरून खालीच आलेला नव्हता. म्हणजे क्राकौरच्या शब्दावर विसंबून हॅरिसच्या घरच्यांना सांगितलेली शेवटच्या क्षणांची हकिकत चुकीची होती. हे सगळं त्यानं पुस्तकात उघड लिहिलं. प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूची साक्ष किती भरवशाची असते, हे त्या पानांवर जसं कळतं तसं वैद्यकाच्या पुस्तकातही कळत नाही.

त्याच वर्षी दुसरं पुस्तक आलं, 'द क्लाइम्ब'. फिशरच्या तुकडीतल्या अनातोली बुक्रीव या मार्गदर्शकाचं. बुक्रीव जादा प्राणवायूशिवाय चढला होता आणि आपल्या लोकांच्या आधी खाली आला होता. क्राकौरनं त्यावर टीका केली. बुक्रीवचं म्हणणं असं, की वर अडकलेल्यांना मदत लागली तर कुणीतरी ताजातवाना खाली हवा होता, फिशरलाही तेच हवं होतं. आणि मध्यरात्री खरोखरच तो एकटा वादळात बाहेर पडला आणि वाट चुकलेल्या तिघांना तंबूत घेऊन आला. दोघांच्या पुस्तकांत एकच रात्र आहे आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. मी दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा असं सांगेन. एकच वाचाल तर तुम्ही कुणाच्या तरी बाजूनं उभे राहाल. बुक्रीव त्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, अन्नपूर्णेवर हिमप्रपातात गेला.

आता या गोष्टीतला एक भाग, जो आपल्याला टोचला पाहिजे. त्या वादळात आठ माणसं गेली. त्यांतली तीन भारतीय होती. इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांची तुकडी त्याच दिवशी तिबेटच्या बाजूनं चढत होती. त्सेवांग समनला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरूप हे तिघं लडाखचे. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं वर गेलेल्या एका जपानी तुकडीनं त्यांना मदत केली नाही, यावर पुढे मोठा वाद झाला. त्या जपानी गिर्यारोहकांनी आपली बाजू वेगळी सांगितली. क्राकौरच्या पुस्तकात या तिघांचा उल्लेख आहे, पण तो कडेला आहे, आणि चित्रपटाच्या कथेत त्यांना जागाच नाही. याचा राग क्राकौरवर काढण्यात अर्थ नाही. तो दक्षिणेच्या बाजूला होता, त्यानं तिथलं लिहिलं. प्रश्न आपल्याला आहे. आपली माणसं होती, तर आपल्या भाषांत त्यांचं पुस्तक कुणी लिहायचं?

पुस्तकं आणि चित्रपट बचावलेल्यांच्या तोंडून येतात, आणि बचावलेल्याचं जगणंही सोपं नसतं. १९८५ मध्ये पेरू देशातल्या सिऊला ग्रांदे या शिखरावरून उतरताना जो सिम्पसनचा पाय मोडला. सायमन येट्स हा त्याचा एकटा जोडीदार. त्यानं दोन दोर एकमेकांना बांधून, बर्फात बसकण खणून, सिम्पसनला टप्प्याटप्प्यानं खाली सोडायला सुरुवात केली. अंधारात सिम्पसन एका कड्याखाली अधांतरी लोंबकळत राहिला. वर येट्सची बसकण ढासळत होती, खालून आवाज येत नव्हता. शेवटी त्यानं दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडला आणि जगला. मोडक्या पायानं तीन दिवस सरपटत तो तळावर पोचला. घरी आल्यावर येट्सवर टीका सुरू झाली आणि सिम्पसननं 'टचिंग द व्हॉइड' लिहिलं, ते बऱ्याच अंशी येट्सची बाजू लोकांना कळावी म्हणून. दोर कापणाऱ्याचा बचाव ज्याचा दोर कापला गेला त्यानंच केला. २००३ मध्ये केविन मॅकडोनाल्ड यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात दोघंही कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे बोलतात. ज्यांना दोरावर जायचं आहे अशा प्रत्येक मुलाला आधी तो चित्रपट दाखवावा.

हे सांगताना मला आपल्याकडची २८ जुलै २०१८ ची आंबेनळी घाटातली दुर्घटना आठवते. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरजवळ दरीत कोसळली. एकच माणूस वाचला. कसाबसा वर चढून आला आणि त्यानं खबर दिली. पहिले काही दिवस त्याचं कौतुक झालं. मग संशय आला, तू एकटाच कसा वाचलास? चौकशीच्या मागण्या झाल्या. गेलेल्यांच्या घरच्यांचं दुःख मला समजतं. उत्तर हवं असतं आणि उत्तर देऊ शकणारा एकच माणूस समोर असतो. पण त्या माणसाचं काय झालं असेल याचाही विचार करा. त्या दरीत रात्रंदिवस उतरून मृतदेह वर काढणारे महाड, महाबळेश्वरकडचे गिर्यारोहक होते. कुणी पगारी नव्हतं. त्यांनी काय पाहिलं, तेही त्यांच्याबरोबरच राहिलं.

१९७२ च्या अँडीज पर्वतातल्या विमान अपघातावरचे चित्रपट तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून मी त्यावर थांबणार नाही. विमानात ४५ माणसं होती, ७२ दिवसांनी १६ परत आली. त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. २०२३ च्या 'सोसायटी ऑफ द स्नो' या चित्रपटाचा निवेदक आहे नुमा तुर्काती, जो वाचला नाही. परत न आलेल्याला आवाज देण्याचं धाडस पन्नास वर्षांनी का होईना एका दिग्दर्शकानं केलं. दुसरी गोष्ट: दहा दिवस चालून बर्फातून बाहेर पडलेल्या दोघांना नदीपलीकडून पहिल्यांदा पाहिलं ते सर्जिओ कातालान या गुरं राखणाऱ्या माणसानं. त्यानं त्यांच्याकडे भाकरी फेकली आणि घोड्यावरून तासन्‌तास जाऊन पोलिसांना कळवलं. तो नसता तर त्या सोळांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

अशी माणसं आपल्या डोंगरांतही आहेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वरून पाहिला तर अहिल्यानगर जिल्ह्यात, पण त्याचा पायथा आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात. तिथल्या बेलपाड्याहून नळीची वाट निघते. बेलपाड्याची माणसं त्या वाटेवर लहानपणापासून चढली-उतरली आहेत. रात्री नळीत कुणी अडकलं तर आधी त्यांच्या दारावर थाप पडते. टॉर्च, दोर, घोंगडी घेऊन ती निघतात. दुसऱ्या दिवशी बातमीत 'स्थानिकांच्या मदतीने' एवढंच छापून येतं. हिमालयातही हेच. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रवाहात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, बहुतेक शेर्पा. जेनिफर पीडम यांचा 'शेर्पा' हा माहितीपट त्यानंतरच्या संतापाचा आहे. दुसऱ्याचं सामान आणि दुसऱ्याची स्वप्नं वाहून नेणाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की यंदा आम्ही चढणार नाही. ठाकर, महादेव कोळी वाटाड्यांना कुणी असं कधी विचारलं आहे का, की तुमच्या मते लोक का पडतात? मला खात्री आहे, त्यांचं उत्तर आपल्या क्लबांच्या उत्तरापेक्षा नेमकं असेल.

याच कोकणकड्यावर १८ जानेवारी २०२० रोजी अरुण सावंत गेले. सह्याद्रीतल्या वाटा आणि कडे यांच्याशी त्यांचा संबंध कित्येक दशकांचा होता. अनेकांना त्यांनी दोर कसा हाताळायचा ते शिकवलं. साथीदारांबरोबर कडा उतरण्याच्या उपक्रमात ते होते. संध्याकाळी त्यांचा संपर्क तुटला, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. नवशिक्यांच्या अपघातावर आपल्याकडे एक ठरलेलं बोलणं होतं: बेपर्वाई, रील, दारू, मस्ती. अरुण सावंतांच्या बाबतीत त्यातलं काहीच लागू पडत नाही. म्हणून ती संध्याकाळ नीट लिहिली जायला हवी होती, तांत्रिक तपशिलांसह. त्यांच्या अनुभवाला तो खरा मान ठरला असता.

आता मराठीकडे येतो. आपल्याकडे कड्याची पहिली गोष्ट कोणती? हिरकणीची. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, ती कडा उतरली. इतिहासकार तिला दंतकथा म्हणतील, पण मराठी मुलाच्या मनात कडा पहिल्यांदा येतो तो तिच्याबरोबर. २०१९ मध्ये प्रसाद ओक यांनी त्यावर चित्रपट केला, तेव्हा चित्रपटगृहं भरली. ही गोष्ट चढाईची नाही, उतरण्याची आहे, याकडे मी तुमचं लक्ष वेधतो. अनेक गंभीर अपघात उतरताना होतात. पाय थकलेले असतात, मन घरी पोचलेलं असतं, ऊन कललेलं असतं. आणि आपल्या वाङ्मयात हिरकणीनंतर उतरणीवर फारसं कुणी लिहीतच नाही. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांवर केवढं लिहिलं! त्यांच्यामुळे दोन पिढ्या घराबाहेर पडल्या. त्यांच्यानंतर वाटांची, इतिहासाची, टाक्यांची आणि लेण्यांची पुस्तकं आली आणि अजून येतात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या ग्रंथालयांत ही पुस्तकं मुलांच्या हातून फिरून सैल झालेली असतात. पण माणूस कुठे घसरला, कशामुळे घसरला आणि कसा वाचला, हे सांगणारं कपाट रिकामं आहे.

असं नाही की मराठीला ते जमत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. जिवावर बेतलेल्या प्रवासाचं इतकं प्रांजळ पुस्तक कुठल्याही भाषेत क्वचितच असेल. गोडसे भटजी भुकेचं, तहानेचं, लपून बसण्याचं सांगतात आणि आपण घाबरलो होतो हे लपवत नाहीत. पळालो म्हणून ते शरमत नाहीत आणि वाचलो म्हणून मिरवत नाहीत. तो सूर आपण पुढे का चालवला नाही?

माझं मत स्पष्ट आहे. आपण डोंगराची गोष्ट फक्त पराक्रमाची म्हणून सांगतो. १९८८ मध्ये मुंबईच्या गिरिविहार संस्थेची वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखालची मोहीम कांचनजुंगावर गेली. साध्या नागरिकांनी, लोकवर्गणीतून, एवढं मोठं शिखर अंगावर घेणं त्या काळी अपूर्व होतं. त्या मोहिमेत संजय बोरोले यांना आपण गमावलं. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमीचे आठ गिर्यारोहक १९ मे रोजी एव्हरेस्टवर पोचले. या दोन मोहिमांपैकी शाळेतल्या मुलांना कोणती माहीत आहे? अर्थातच दुसरी. मला गिरिप्रेमीच्या यशाचा अभिमान आहे. पण १९८८ च्या अनुभवाशिवाय २०१२ पर्यंत महाराष्ट्र पोचला नसता. गमावलेल्या माणसाचं नाव घ्यायला आपण का बिचकतो?

याच्या कारणांविषयी मी अनेक कार्यकर्त्यांशी बोललो आहे. पहिलं, घरच्यांचं दुःख. गेलेल्या माणसाची चूक सांगायची कशी? दुसरं, पोलीस. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, जबाब होतात, नेत्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होईल या भीतीनं तोंडं बंद होतात. तिसरं, संस्थेचं नाव. पुढच्या वर्षी मुलं येतील का? ही तिन्ही कारणं खरी आहेत, त्यांतलं एकही क्षुल्लक नाही. पण त्यामुळे काय होतं ते पाहा. अपघात झाल्यावर तासाभरात मोबाइलवर श्रद्धांजली फिरते, दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते, तिसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपापलं कारण सापडतं. दोर जुना होता म्हणे. बोल्ट निघाला म्हणे. पाणी संपलं होतं म्हणे. आणि सहा महिन्यांनी त्याच कड्यावर, त्याच बोल्टवर, दुसरी तुकडी उभी असते.

अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दर वर्षी गिर्यारोहणातल्या अपघातांचा अहवाल पुस्तकरूपात छापतो. काय झालं, कसं झालं आणि काय टाळता आलं असतं, एवढंच त्यात असतं. सूर कोरडा असतो, निवाडा नसतो. तिथला होतकरू गिर्यारोहक चढाईचं तंत्र जसं शिकतो तसाच हा अहवालही वाचतो. आपल्याकडे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं राहिलं, अनेक संस्थांची बचाव पथकं त्याद्वारे एकमेकांना जोडली गेली, ही फार मोठी गोष्ट झाली. राज्य शासनानं २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले, २०२१ मध्ये धोरण केलं. पण नियमांना अनुभव पुरवणारं काहीतरी हवं. ते या नोंदींतूनच येणार.

आपल्या डोंगरांचे अपघात हिमालयाचे नाहीत, म्हणून तिकडची पुस्तकं वाचून आपलं भागणार नाही. इथे बर्फ मारत नाही. मार्च ते मे या काळात पाणी मारतं, म्हणजे पाण्याचा अभाव. दुपारी माथ्यावर पोचलेला माणूस उतरताना गोंधळतो, वाट सोडतो, मग गप्प होतो, आणि सोबत्यांना वाटतं दमला असेल. पावसाळ्यात ओढा चढताना घोट्याएवढा असतो आणि उतरताना कमरेएवढा. पावसाळा सरताना गवताखाली घसारा लपलेला असतो. सह्याद्रीचा कातळ अग्निजन्य, थरांचा. हाताशी आलेला दगड निघेल की राहील हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कड्यावरचं आग्या मोहोळ धुरानं उठतं आणि शंभर माणसांची पळापळ होते, ती नेमकी अरुंद पायऱ्यांवर. आपल्या मलंगगडावर बालेकिल्ल्याकडे जाताना तुटलेल्या वाटेवर लोखंडी पाइप टाकलेला आहे. त्यावरून दोराशिवाय जाणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि माहुलीच्या सुळक्यांखाली हेल्मेटशिवाय बसलेलीही. रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर लागणारी रांग एव्हरेस्टच्या त्या छायाचित्रापेक्षा फार वेगळी नसते. तिथेही वरच्यांना उतरायचं असतं आणि खालच्यांना चढायचं.

तरी बाहेरचं एक उदाहरण द्यायचं तर अ‍ॅरन राल्स्टनचं देतो, कारण ते सगळ्यांना लागू आहे. २००३ मध्ये युटा राज्यातल्या एका अरुंद दरीत निसटलेल्या शिळेखाली त्याचा हात अडकला. पाच दिवसांनी त्यानं स्वतःच तो हात कापला आणि सुटला. डॅनी बॉयल यांच्या '१२७ अवर्स' या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचं संगीत आहे, म्हणून इथल्या मुलांनी तो पाहिला आहे. त्यांना विचारलं की काय आठवतं, तर हात कापण्याचा प्रसंग सांगतात. मी त्यांना सांगतो, चित्रपटाच्या सुरुवातीला परत जा. तो कुठे चालला आहे हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. एक चिठ्ठी घरी असती तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शोध सुरू झाला असता. 'मंजुम्मेल बॉइज'मध्ये नेमकं उलटं आहे. कोडाईकनालच्या गुहेत २००६ मध्ये मित्र खोल विवरात पडला, आणि बाकीच्यांनी जागा सोडली नाही. त्यांतला एक दोर बांधून खाली उतरला आणि त्याला वर घेऊन आला. २०२४ चा हा मल्याळम चित्रपट डोंबिवलीतल्या पोरांनी डोक्यावर घेतला, याचा मला आनंद आहे. आपल्या भाषेत असा चित्रपट अजून व्हायचा आहे, आणि आधी पुस्तक झाल्याशिवाय तो होणार नाही.

म्हणून माझी मागणी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या डोंगर संस्थांनी आणि ग्रंथालयांनी मिळून सह्याद्रीतल्या अपघातांची नोंदवही सुरू करावी. मृत्यूच हवा असं नाही. दोर निसटला आणि दुसऱ्यानं धरला, वाट चुकली आणि रात्र कपारीत काढली, पाणी संपलं आणि एक मुलगी बेशुद्ध पडली, हे सगळं त्यात यावं. तारीख, जागा, वेळ, हवामान, माणसं किती, नेत्याची माहिती नाव न देता, दोर आणि अँकर कसे होते, पहिला चुकीचा निर्णय कोणता आणि तो कुठल्या क्षणी झाला, मदतीला कोण आलं आणि किती वेळात. गावकऱ्यांचं म्हणणं वेगळ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना दाखवल्याशिवाय एक ओळही छापू नये. कायद्याचा सल्ला देणारे वकील या गावात भरपूर आहेत, त्यांतले दोघं-तिघं डोंगरातही जातात. त्यांनी पुढे यावं.

सभा संपल्यावर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबणार आहे. तिथे एक कोरी वही ठेवली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या बाबतीत किंवा ज्यांच्यासमोर असं काही घडलं असेल, त्यांनी आज निदान तारीख, गड आणि आपला फोन नंबर लिहून ठेवावा. बाकीचं लिहून घ्यायला आम्ही घरी येऊ.